वायूंचे गुणधर्म आणि विलगीकरण : पाठ्यपुस्तकीय मांडणीची चिकित्सा

हवेतील घटकांच्या विलगीकरणाचे प्रकरण रसायनशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत एका तक्त्यावर उभे असते. नायट्रोजन −१९६, आर्गॉन −१८६, ऑक्सिजन −१८३ अंश सेल्सिअस; हवा द्रवरूप करावी, तापवावी, आणि ज्याचा उत्कलनबिंदू कमी तो आधी वेगळा व्हावा. हा तक्ता चुकीचा नाही. मात्र त्यावरून विद्यार्थ्याच्या मनात उभे राहणारे चित्र चुकीचे असते.

पहिला आक्षेप उत्कलनबिंदूच्या स्थिरतेविषयी आहे. तक्त्यातील आकडे एका वातावरण दाबाचे असतात, आणि हे बहुधा तळटीपेतही सांगितले जात नाही. कार्ल फॉन लिंडे यांनी १९१० मध्ये प्रचारात आणलेला दुहेरी स्तंभ तर दाबाच्या फरकावरच चालतो. खालच्या स्तंभात दाब पाच-सहा बार असतो. त्या दाबाखाली नायट्रोजन −१७८ अंशांच्या आसपासच द्रवरूप होतो. वरच्या स्तंभाच्या तळाशी असलेला ऑक्सिजन मात्र त्याहून थोड्या कमी तापमानाला उकळत असतो. म्हणजे नायट्रोजन द्रवताना जी उष्णता सोडतो, तीच ऑक्सिजनला उकळविते. केवळ तक्ता पाठ केलेल्या विद्यार्थ्याला हे अशक्य वाटेल, कारण तक्त्यानुसार नायट्रोजन हा ऑक्सिजनपेक्षा तेरा अंश अधिक थंड असावयास हवा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एकाच गुणधर्माला विलगीकरणाचा आधार मानले की दुसऱ्या पद्धती अनाकलनीय ठरतात. दाब-बदल अधिशोषण पद्धतीत, म्हणजे पीएसए संयंत्रात, उत्कलनबिंदूचा प्रत्यक्ष संबंध येत नाही. तेथे झिओलाइटला ‘आण्विक चाळणी’ म्हणण्याची प्रथा आहे आणि हा शब्दच दिशाभूल करतो. ऑक्सिजनसाठी वापरल्या जाणाऱ्या झिओलाइटच्या छिद्रांत नायट्रोजन, ऑक्सिजन, आर्गॉन हे तिन्ही सहज शिरतात. चाळले काहीच जात नाही. नायट्रोजनच्या रेणूचे चतुर्ध्रुव आघूर्ण मोठे असल्याने झिओलाइटमधील धन आयनांचे विद्युतक्षेत्र त्याला अधिक घट्ट धरून ठेवते, आणि ऑक्सिजन पुढे निघून जातो. कार्बनच्या चाळणीत याच्या उलट घडते : किंचित लहान असलेला ऑक्सिजनचा रेणू छिद्रांत अधिक वेगाने शिरतो व नायट्रोजन बाहेर मिळतो. एका ठिकाणी आकर्षणाची तीव्रता, दुसऱ्या ठिकाणी प्रवेशाची गती.

हा भेद केवळ तात्त्विक नव्हे. एप्रिल २०२१ मध्ये प्राणवायूचा तुटवडा असताना मुंबईच्या आयआयटीने नायट्रोजनच्या पीएसए संयंत्रातील कार्बनच्या जागी झिओलाइट भरून ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन मिळविला. ‘चाळणी म्हणजे चाळणी’ एवढेच शिकलेल्या पदवीधराला या बदलाचे कारण सांगता आले नसते.

ही शुद्धता शंभर टक्क्यांपर्यंत का जात नाही, याचे उत्तर तक्त्यातील दुर्लक्षित मधल्या ओळीत आहे. झिओलाइटवर आर्गॉनचे अधिशोषण जवळपास ऑक्सिजनइतकेच होते. कोरड्या हवेत ऑक्सिजन २०.९५ व आर्गॉन ०.९३ टक्के, सर्व नायट्रोजन काढून टाकला तरी उरलेल्या मिश्रणात ऑक्सिजन ९५.७ टक्क्यांच्या आसपासच भरतो. स्तंभातही आर्गॉन ऑक्सिजनला असाच चिकटून असतो, कारण दोघांच्या उत्कलनबिंदूंत जेमतेम तीन अंशांचे अंतर आहे. म्हणून त्याच्यासाठी स्वतंत्र स्तंभ जोडावा लागतो.

या वायूचा शोधही पाठ्यपुस्तकांत एका वाक्यात उरकला जातो. वास्तविक लॉर्ड रॅले यांना हवेतून मिळविलेल्या नायट्रोजनचे वजन लिटरला १.२५७२ ग्रॅम, तर संयुगांपासून मिळविलेल्याचे १.२५०५ ग्रॅम भरले. अर्ध्या टक्क्याचा हा फरक प्रयोगातील चूक म्हणून सोडून देणे सोपे होते. त्यांनी १८९२ मध्ये तो जाहीरपणे मांडला, आणि १८९४ मध्ये रॅम्से यांच्यासह आर्गॉनची घोषणा केली. तेथे विलगीकरणासाठी उत्कलनबिंदू नव्हे, रासायनिक निष्क्रियता उपयोगी पडली : तापलेल्या मॅग्नेशियमने नायट्रोजन शोषून घेतला आणि जे कशाशीच संयोग पावेना ते शिल्लक राहिले.