'ये बॅले' : जिद्द दिसते, तालीम कुठे?

सूनी तारापोरवाला यांचा 'ये बॅले' (२०२०) आपल्याकडे दोन गरीब मुलांच्या जिद्दीची कहाणी म्हणून पाहिला गेला. मनीष चौहान टॅक्सीचालकाचा मुलगा, आमिरुद्दीन शहा वेल्डरचा. मुंबईत येहुदा माओर या परदेशी गुरूंनी दोघांना घडवले आणि २०१७ मध्ये आमिरुद्दीन लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. या सत्यकथेवर चित्रपट बेतलेला आहे. जिद्दीबद्दल वाद नाही. माझा प्रश्न तालमीचा आहे. ही मुले नेमके काय शिकली, ते चित्रपट सांगतो का?

बॅलेचे व्यावसायिक शिक्षण साधारणपणे दहाव्या वर्षाच्या सुमारास सुरू होते. रशियातल्या वागानोवा परंपरेचा अभ्यासक्रम आठ वर्षांचा. याचे कारण शरीरात आहे. पाय बाहेरच्या बाजूला वळवणे हा या नृत्याचा पाया, आणि ते वळण खुब्याच्या सांध्यातून यावे लागते. वय वाढले की सांधा तितका वळत नाही. मग विद्यार्थी नुसती पावलेच जोर लावून फिरवतो आणि ताण गुडघ्यावर येतो. भरतनाट्यमची अरमंडी शिकवणाऱ्या बाईही हेच बजावतात : आधी खुबा, मग गुडघा. मनीष आणि आमिरुद्दीन या दोघांनीही दहावे वर्ष केव्हाच ओलांडल्यावर सुरुवात केली. म्हणजे खरे नाट्य इथे होते.

ही घाई आम्हा लातूर-नांदेडकरांना परकी नाही. उजळणी, सराव परीक्षा, पुन्हा उजळणी, असे करत दोन वर्षांत मुलाला वैद्यकीय प्रवेशाच्या दारात उभे करण्याचे तंत्र या गावांनी बसवले आहे. पण पाठांतराला लावलेला वेग स्नायूंना लावता येत नाही. चित्रपटात मात्र तालमीचा बराचसा काळ संगीतावर जोडलेल्या तुकड्यांत झरझर सरकतो. कष्ट दिसतात, पण चूक कोणती होती आणि ती कशी सुधारली हे कळत नाही.

एक गोष्ट मात्र चित्रपटाच्या बाजूने नोंदवायला हवी. निशूची भूमिका स्वतः मनीषने केली आहे. शिकून तयार झालेल्या अंगाला पुन्हा नवखे व्हायला लावणे सोपे नाही. शेवटी पडद्यावर दिसते ते शरीर खरोखर त्या वाटेने गेलेले आहे, आणि हा पुरावा दुसऱ्या कुणा नटाला देता आला नसता.

इथे 'नटरंग' (२०१०) आठवतो. आनंद यादवांच्या कादंबरीतला गुणा पैलवानी शरीर सोडून नाच्या होतो. त्या बदलाची किंमत घर, गाव आणि देह या तिन्ही ठिकाणी चुकवावी लागते, आणि चित्रपट तीच कथेच्या मध्यभागी ठेवतो. 'ये बॅले'मध्ये बापाचा विरोध आहे, पैशाची अडचण आहे. देहाचा हिशेब मात्र अपुरा राहतो.

हा हिशेब मी का मागतो? आमच्या गल्लीतला पंधरा वर्षांचा एक मुलगा मोबाईलवर पाहून गच्चीत गिरक्या घेतो. चित्रपट पाहून त्याने विचारले, "काका, मला जमेल का?" जिद्दीच्या कथेवर भरवसा ठेवून मी लगेच हो म्हणालो असतो. मी नर्तक नाही, पुस्तके वाचून शिकलेला माणूस आहे. त्याला खुबा कुठे असतो ते दाखवले, गुडघे सांभाळ म्हणालो, आणि आधी एखादी जाणती बाई किंवा गुरुजी शोधू या, असे सांगितले. तो थोडा हिरमुसला. दुसऱ्या दिवशी मात्र गिरकी घेण्याआधी तो खुब्यावर हात ठेवून उभा होता.