तळतळाट आणि गाऱ्हाणे

नावडत्या राजकीय पुढाऱ्याचे वाईट चिंतावे काय, हा प्रश्न वरवर पाहता नीतिशास्त्राचा वाटतो; परंतु तो तितकाच भाषेचाही आहे. मनातील अनिष्ट चिंतन शब्दांवाटेच बाहेर पडते आणि त्या शब्दांचे साचे आपल्याला आयतेच मिळालेले असतात. मराठीत अशा साच्यांची वाण नाही. शाप, शिवी, तळतळाट, 'वाटोळे होवो', 'मुडदा बसो' ही सारी घरगुती संपत्ती. राजकारणाने तीत फारसीतून आलेल्या 'मुर्दाबाद'ची भर घातली. तिचा अक्षरार्थ 'मेलेला होवो' असा आहे. मोर्चात ही घोषणा देणाऱ्या बहुतेकांना कोणाच्या मरणाशी कर्तव्य नसते. वापरून वापरून ती गुळगुळीत झालेली आहे. तेव्हा केवळ शब्दावरून उच्चारणाऱ्याच्या मनाचा निवाडा करणे अन्यायाचे ठरेल. निवाडा करायचा तर शब्द कोण, कोठे आणि कोणासमक्ष उच्चारतो, हे पाहावे लागेल.

पेडणे-डिचोलीकडील वाचकांना त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. सातेरी-रवळनाथाच्या देवळात गावाच्या वतीने एक जण उभा राहून मोठ्याने गाऱ्हाणे घालतो आणि जमलेली मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला दुजोरा देतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. वाङ्मयप्रकार म्हणून गाऱ्हाण्याकडे आपल्या समीक्षकांनी पुरेसे लक्ष दिले नाही, ही प्रस्तुत लेखकाची जुनी तक्रार आहे. गाऱ्हाण्यात संकट स्पष्ट सांगितलेले असते, देवालाही त्याच्या कर्तव्याची आठवण करून दिलेली असते, आणि मागणे असते ते इडापिडा टळण्याचे, आडवे आलेले दूर होण्याचे. त्यात भिडस्तपणा मुळीच नसतो. देवापुढे नारळ ठेवून शत्रूचे वाईट मागण्याची रीतही आपल्या गावांना अगदीच अपरिचित नाही. ते लपवण्यात अर्थ नाही. मात्र ते काम कोणी सभामंडपात, पाचजणांच्या साक्षीने करीत नाही. तळतळाट एकट्याने करायचा असतो. गाऱ्हाणे चारचौघांत घालायचे असते. आपल्या प्रश्नाची किल्ली या भेदात आहे, असे आम्हांस वाटते.

अशा चर्चेत कोणीतरी पसायदान पुढे करतोच. ज्ञानदेवांनी दुष्टांचा नाश न मागता त्यांचा दुष्टपणा जावा असे मागितले, हे खरे आहे आणि थोर आहे. पण ज्याच्या अंगावर गोळी चालली त्याला पसायदान ऐकवणे सोपे नसते, किंबहुना ते सभ्यही नसते. आपल्याच पेडणे तालुक्यात, पत्रादेवीच्या सरहद्दीवर, १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला. ज्या राजवटीने तो केला तिच्यात वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, सभेला बंदी होती, आणि राज्यकर्ता बदलण्याचा कोणताच मार्ग प्रजेच्या हाती नव्हता. अशा वेळी एखाद्या माउलीने लिस्बनमधल्या सालाझारच्या नावाने बोटे मोडली असतील, तर तिला नीतीचा पाठ देण्याचा अधिकार कोणाला आहे? चारचौघांत गाऱ्हाणे घालण्याची सोयच काढून घेतली की तळतळाट तेवढा उरतो. तो त्या राजवटीविरुद्धची साक्ष म्हणून वाचावा.

साक्ष म्हणून तो खरा. परंतु उपाय म्हणून त्याची किंमत काय? सालाझारचेच उदाहरण शेवटपर्यंत पाहण्यासारखे आहे. ३ ऑगस्ट १९६८ रोजी इश्तोरिल येथे हा हुकूमशहा खुर्चीवरून पडला. पुढच्या महिन्यात त्याची प्रकृती पार ढासळली आणि २७ सप्टेंबरला मार्सेलो कायतानोची त्याच्या जागी नेमणूक झाली. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे सालाझार जिवंत होता आणि आपणच राज्य चालवीत आहोत असा त्याचा समज भोवतालच्या लोकांनी कायम ठेवला. मंत्री येत, बैठकीचे सोंग वठवले जाई. २७ जुलै १९७० रोजी तो मेला. कोणा शापदात्याला याहून विदारक फलश्रुती सुचली नसती! पण या फलश्रुतीने राजवटीचे काय बिघडले? अंगोला, मोझांबिक आणि गिनी येथील युद्धे चालूच राहिली. राजवट कोसळली ती २५ एप्रिल १९७४ ला, लष्करातील तरुण अधिकाऱ्यांनी उठाव केला तेव्हा. खुर्ची मोडल्यावरही जे साडेपाच वर्षे टिकले, त्याचा विचार तळतळाट करीत नाही. तो एका देहावर थांबतो. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांनी १९४४ साली गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणावर निबंध लिहिला, त्याचे महत्त्व यासाठीच. त्यांचा रोख एका माणसावर नसून राजवटीने घडवलेल्या मनांवर होता, आणि पुढे त्यांना पोर्तुगालच्या तुरुंगात जावे लागले.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. १९६१ च्या डिसेंबरात मरणाची इच्छा करणारा खुद्द सालाझार होता, आणि तीही आपल्याच सैनिकांच्या मरणाची. शरणागती नको, सैनिक एक तर विजयी व्हावेत किंवा मरावेत, असा त्याचा आदेश होता. गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्व्हा यांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करली आणि पुढे त्यांना सैन्यातून बडतर्फ व्हावे लागले. ज्याला आपण शत्रूचा प्रतिनिधी म्हणत होतो, त्याने आपल्या पुढाऱ्याची मरणेच्छा अमान्य केली म्हणून कितीतरी गोमंतकीय व पोर्तुगीज घरे वाचली.

आपल्या पुराणांत शापाने राजा मारल्याची कथा आहेच. वेन राजाने यज्ञ आणि दान बंद केले. ऋषी आधी समजवायला गेले, त्याने ऐकले नाही, तेव्हा त्यांनी नुसत्या हुंकाराने त्याचा प्राण घेतला. शापाचे समर्थन करणारे इथेच थांबतात. भागवतकार थांबत नाही. राजा नाहीसा होताच चोर-दरवडेखोर मोकाट सुटतात, आणि जपून ठेवलेल्या त्याच कलेवराचे मंथन करून ऋषींना पृथू हा नवा राजा मिळवावा लागतो. वेनाच्या आईने ते प्रेत राखून ठेवले नसते तर ऋषींची मोठीच पंचाईत झाली असती. विसाव्या शतकात डीट्रिश बोनहोफर या जर्मन धर्मोपदेशकाने हिटलरविरुद्धच्या कटात भाग घेतला आणि एप्रिल १९४५ मध्ये तो फासावर गेला. परंतु त्यानेही आपल्या कृत्याला पुण्य म्हटले नाही, त्याचे पाप स्वतःच्या माथी घेतले.

हे झाले हुकूमशाहीपुरते. जिथे मतपेटी आहे तिथे मात्र तळतळाटाला हीही सबब उरत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्या राजवटीत गोळीबार झाले, १०५ जणांचे बळी गेले, आणि मोरारजींच्या नावाने 'मुर्दाबाद'चा गजर झाला. आचार्य अत्र्यांच्या 'मराठा'ने त्यांना सळो की पळो करून सोडले. पुढे काय झाले? मोरारजी १९७७ साली पंतप्रधान झाले ते जनता पक्षाकडून. त्या पक्षाच्या उभारणीत संयुक्त महाराष्ट्र समितीचे नेते एस. एम. जोशी होते. मोरारजींचे आयुष्य ९९ वर्षांचे झाले. अत्रे तर १९६९ मध्येच गेले होते. त्याच अत्र्यांनी नेहरूंवरही लेखणीचे आसूड ओढले होते. पण १९६४ च्या मे महिन्यात नेहरू गेले तेव्हा त्यांनी जे लेख लिहिले ते 'सूर्यास्त' या पुस्तकात आहेत. अत्र्यांचा राग खोटा होता असा याचा अर्थ नव्हे. त्या रागाला नेहरूंचा मृत्यू नको होता, इतकेच.

आपल्या घरांतही हा प्रसंग येऊन गेलेला आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. त्यानंतर पेडणे-डिचोलीतील अनेक ओसऱ्यांवर डॉ. जॅक सिक्वेरा यांचे नाव कोणत्या सुरात घेतले जाई, ते सांगायला नको. परंतु त्याच वर्षी मार्चमध्ये निवडणूक झाली आणि पेडण्याचे भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा सत्तेवर आले. कौल हरलेल्यांना दोन महिन्यांत आपले म्हणणे पुन्हा मांडता आले. एवढी सोय असताना बोटे मोडीत बसण्याची हौस ही आळसाचीच एक जात म्हणावी लागेल.

अलीकडचे उदाहरण मनोहर पर्रीकरांचे. २०१८ च्या फेब्रुवारीपासून ते आजारी होते आणि मुख्यमंत्रिपदावर असतानाच १७ मार्च २०१९ रोजी गेले. त्या वर्षभरात दोन प्रकारचे बोलणे कानी येत होते. 'आता किती दिवस?' हे एक. ते चहाच्या टेबलावर हलक्या आवाजात बोलले जाई आणि तिसरा माणूस आला की थांबे. दुसरे उघड होते: मुख्यमंत्र्यांच्या प्रकृतीची माहिती जनतेला द्यावी, कारभार कोण पाहतो ते सांगावे. ही मागणी न्यायालयापर्यंत गेली. आजारी माणसाविषयी असे विचारणे निर्दयपणाचे, असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. विचारणारे मरणच इच्छितात, असाही आरोप झाला. तो आरोप आम्हांस मान्य नाही. राज्याचा कारभार कोणाच्या हाती आहे हे प्रजेने विचारणे म्हणजे गाऱ्हाणे होय, आणि ते रुग्णाच्या उशाशी घातले तरी त्याचा तळतळाट होत नाही. नाकात नळी घालून पर्रीकर जानेवारी २०१९ मध्ये अर्थसंकल्प मांडायला विधानसभेत आले, तेव्हा त्यांच्या धैर्याला दाद देणारे आणि त्यांनी पद सोडावे म्हणणारे एकाच सभागृहात बसलेले होते. काही जण तर दोन्ही होते.