ॲनिमेशनपटांच्या उत्तरभागांतील मित्रवियोग

ज्या मित्रद्वयाच्या सहवासावर एक चित्रपट उभा राहिला व लोकप्रिय झाला, त्याच मित्रांचा वियोग त्याच्या उत्तरभागात घडविणे हे धाडसाचे काम आहे. उत्तरभाग निघतो तोच मुळी प्रेक्षकाला ती जोडी पुन्हा पाहावयाची असते म्हणून. ती फोडणे म्हणजे प्रेक्षकाशी झालेला अलिखित करार मोडणे होय. नोव्हेंबर २०१८ ते जून २०१९ या आठ महिन्यांत डिस्नी, ड्रीमवर्क्स आणि पिक्सार या तिन्ही अमेरिकन स्टुडिओंनी हा करार मोडला. वियोगाची कारणे तिन्ही ठिकाणी भिन्न आहेत. परंतु तो वियोग पटतो की नाही, हे आमच्या मते कारणांवर अवलंबून नाही. आधीच्या भागांत त्या दोघांमध्ये रुजलेल्या खुणेला निरोपाच्या वेळी नवा अर्थ प्राप्त होतो काय, हा खरा प्रश्न आहे.

'राल्फ ब्रेक्स द इंटरनेट' (२०१८) या चित्रपटात व्हॅनेलपीला एका नव्या शर्यतीच्या खेळात राहावयाचे असते आणि राल्फला ते सहन होत नाही. त्याच्या मनातील धास्तीच्या असंख्य प्रतिकृती निघतात व त्या एकत्र येऊन त्यांचा एक महाकाय राल्फ बनतो. कल्पना उत्तम आहे. परंतु पुढे खऱ्या राल्फला त्या राक्षसासमोर उभे राहून मैत्रीविषयी जवळजवळ व्याख्यानच द्यावे लागते. चित्राने जे सांगितले, तेच वाक्याने पुन्हा सांगितले जाते आणि अर्थ वाढण्याऐवजी पातळ होतो. चित्रपट सावरतो तो २०१२ च्या पहिल्या भागात व्हॅनेलपीने राल्फसाठी केलेल्या बिस्किटाच्या पदकामुळे. ते आता दुभंगते व दोघांकडे एकेक अर्धा तुकडा राहतो. मराठीत निरोप घेणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. पुढे ही जोडी दूरध्वनीवरून गप्पा मारताना दिसते. म्हणजे हा चित्रपटही 'येतो'च म्हणतो, फक्त जरा घाईने.

'हाउ टु ट्रेन युअर ड्रॅगन : द हिडन वर्ल्ड' (२०१९) या चित्रपटात दोघांपैकी एकाला भाषाच नाही, आणि हे दिग्दर्शक डीन डेब्लॉय यांच्या पथ्यावर पडले आहे. २०१० च्या पहिल्या भागात हिकप तोंड फिरवून तळहात पुढे करतो व टूथलेस त्यावर आपले नाक टेकवितो. त्या खुणेचा अर्थ तेथे 'मी तुझ्यावर विश्वास टाकतो' असा होता. तिसऱ्या भागाच्या अखेरीस, वर्षे लोटल्यावर, दाढीधारी हिकपला तो ड्रॅगन प्रथम ओळखत नाही. तेव्हा पुन्हा तोच हात पुढे येतो. चिन्ह तेच, विचारणा मात्र 'ओळखतोस का?' अशी. तथापि येथे एक सोयही करून घेतली आहे. शिकारी ग्रिमेल आणि ड्रॅगनांना सामावून घेण्यास अपात्र असलेले मानवी जग यांच्यावर वियोगाचा भार टाकल्यामुळे दोघांपैकी कोणालाही मित्राला सोडल्याचा दोष लागत नाही.

हा दोष पत्करतो तो जॉश कूली यांचा 'टॉय स्टोरी ४' (२०१९). वुडीवर कोणी सक्ती केलेली नसते. तीन भागांत मुलाशी व सोबत्यांशी निष्ठा हाच ज्याचा धर्म होता, तो आपल्या मंडळींना सोडून बो पीपबरोबर राहतो. ही प्रतारणा होय, असा आक्षेप घेता येतो, व तो पोकळ नाही. त्याचे उत्तर चित्रपट युक्तिवादाने देत नाही. एका सर्वनामाने देतो. ती ठीक राहील, असे बझ म्हणतो. बो पीपचा निरोप घेऊन नुकत्याच परतलेल्या वुडीला, आणि आपल्यालाही, 'ती' म्हणजे बो पीप वाटते. लगेच बझ सर्वनामाच्या जागी नाम ठेवतो : बॉनी, म्हणजे ती लहान मुलगी, ठीक राहील. वुडीने शब्दांत काहीही मागितलेले नसते. तरी परवानगी मिळून चुकलेली असते. आक्षेपकांनी या ठिकाणी थोडे थांबावे. निष्ठेतून मुक्त करण्याचा अधिकार ज्या मित्राला आहे, तोच येथे बोलतो आहे. (भाषांतरकाराने उतावीळपणे आधीच नाव घातले, तर सारा प्रसंग वाया जाईल.)

अखेरीस बझचे घोषवाक्य येते. १९९५ मध्ये ते कारखान्यात खेळण्याच्या पोटात भरलेले, कोणासही उद्देशून नसलेले वाक्य होते. आता त्याचा पूर्वार्ध बझ उच्चारतो व उत्तरार्ध दूरवर असलेला वुडी. एकाचा शब्द दुसऱ्याला ऐकू जाणे शक्य नाही, तरी वाक्य पुरे होते. या चित्रपटात बझला बराच वेळ आपल्याच छातीवरील बटणांचा सल्ला ऐकणारा भोळसट केले आहे, हे मला खटकते. परंतु त्या भोळसटाच्याच तोंडी हे अर्धे वाक्य शोभते, हेही मान्य केले पाहिजे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये या मालिकेच्या पाचव्या भागाची घोषणा झाली. ते अर्धे वाक्य अखेरचे, असे समजूनच २०१९ च्या प्रेक्षकाने ऐकले होते; यापुढे तो प्रसंग अभ्यासताना त्या समजुतीचा आधार घेता येणार नाही.