चाळिसाव्या मजल्यावरून काढलेला फोटो

शहर पाडून पुन्हा बांधायला घेतलं की त्याचा फोटो बहुतेक वेळा वरून काढतात. वरच्या मजल्याची खिडकी, खाली खणलेला खड्डा, दोन-तीन क्रेन, अर्धी पाडलेली चाळ, पावसाळा असला तर निळी ताडपत्री. बघणारा म्हणतो, काय भव्य! आणि पुढच्या फोटोकडे वळतो. माझं भांडण ह्या 'भव्य'शी आहे.

भांडण आत्ताच का काढलं ते सांगतो. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या बी.डी.डी. चाळींतल्या ५५६ रहिवाशांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात. इमारत चाळीस मजल्यांची. आजवर वरची खिडकी नेहमी दुसऱ्याची होती. आता ती गिरणी कामगाराच्या नातवाची झाली, बौद्धवाड्यातून मुंबईला गेलेल्याच्या पोराची झाली. त्याच्या हातात मोबाईल आहे आणि खाली उरलेल्या चाळी पडायच्या आहेत. तो फोटो काढणारच. काढावाच. पण प्रस्थापितांनी काढला तर त्यावर आपण तुटून पडणार आणि आपल्या पोराने तसाच काढला तर टाळ्या वाजवणार, ही समीक्षा नव्हे.

माकणीत बसून वरळीच्या खिडकीवर हा काय बोलतो, असं कुणी विचारील. मित्रांनो, वस्ती वरून बघून नव्याने मांडणं म्हणजे काय, हे आपल्या भागाने केव्हाच भोगलंय. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. माझ्या जन्माआधीची गोष्ट, पण इथल्या प्रत्येक घरात ती तोंडपाठ आहे. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं भुईसपाट झाली. जवळपास आठ हजार माणसं गेली. मग पुनर्वसन आलं, जागतिक बँकेचं कर्ज आलं, नवे नकाशे आले. नकाशा म्हणजे तरी काय? उंचावरून बघितलेलं गाव. सरळ रस्ते, ओळीत घरं, मध्ये मोकळी जागा. कागदावर बघाल तर वाटेल, चला, गावकुस गेलं, आता सगळे एका रेषेत आले.

आता घरांची मापं बघा. स्थलांतरित गावांत भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४००. सात हेक्टरच्या वर ज्याची जमीन त्याला ७५०. भूकंपाने वाडा आणि झोपडी एकाच रात्रीत पाडली, सरकारने सातबारा बघून पुन्हा उभी केली. ज्याच्या बापजाद्यांना जमीनच धरू दिली नाही त्याला २५०, कारण त्याला जमीन नाही! वरून काढलेल्या फोटोत लहान चौकोन आणि मोठा चौकोन दिसतो, नाही असं नाही. पण हा लहान का आणि तो मोठा का, हे त्यात येत नाही. ते विचारायला खाली उतरून उंबऱ्याशी जावं लागतं.

आता परत वरळीला चला. तिथे तर छपरंही एकाच मापाची. १९२० नंतरच्या काही वर्षांत इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या ह्या चाळी. वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२, शिवडीला १२, एकूण २०७. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या. (आपले काही वक्ते बाबासाहेब बी.डी.डी. चाळीत राहायचे असं ठोकून देतात. बाबासाहेब राहिले ते परळच्या बी.आय.टी. चाळीत. भाषण करताना एवढं तरी तपासा.) चाळिसाव्या मजल्यावरून ही छपरं आगपेट्या मांडून ठेवाव्यात तशी दिसतात, सगळी सारखी. पण कुठली चाळ बौद्धांची आणि कुठली सवर्णांची हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. ५ जानेवारी १९७४ ला वरळीत पँथरच्या सभेवर दगड पडले, पोलिसांच्या लाठ्या पडल्या आणि दंगल पेटली, ती चाळी-चाळींमधल्या ह्याच रेषेवर. छपरांच्या फोटोत ती रेषा शोधून दाखवा.

आणि मग १० जानेवारी. दंगलीच्या निषेधाचा मोर्चा परळला आला आणि वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव गेला. आपण दर वर्षी त्याचं नाव घेतो, पण 'वरून' ह्या शब्दावर थांबत नाही. कला शिकवणारे लोक आपल्याला सांगतात, उंचीवरून माणूस लहान होतो, चेहरा जातो, आकार उरतो, म्हणून अशा फोटोत माणूस नसतो, त्यात फोटोवाल्याचा काय दोष. ज्याने दगड टाकला त्याला वरून माणसं दिसली नव्हती काय? नेम धरण्याइतकी दिसली होती. तेव्हा उंचीची सबब सांगू नका. उंचीवरून कोण दिसावं आणि कोण पुसला जावा, ते खिडकीत उभा असलेला ठरवतो.

एक गंमत सांगतो. फोटोग्राफीचा जन्मच वरच्या खिडकीत झालाय. कॅमेऱ्याने काढलेला, आज शिल्लक असलेला सगळ्यात जुना फोटो फ्रान्समधल्या न्येप्स नावाच्या माणसाचा, १८२६-२७ चा. घराच्या माडीवरच्या खिडकीतून. त्यात छपरं आहेत, माणूस नाही. पुढे १८३८ मध्ये दागेरने पॅरिसचा एक रुंद रस्ता असाच वरच्या खिडकीतून टिपला. भर दिवसाचा वर्दळीचा रस्ता, पण फोटोत ओसाड. कारण तेव्हा काचेतून प्रकाश काही मिनिटं आत घ्यावा लागायचा, तेवढ्यात जो चालत गेला तो उमटलाच नाही. गाड्या गेल्या, साहेब-मडमा गेल्या. उमटला फक्त कोपऱ्यात पाय पुढे करून उभा राहिलेला एक माणूस, आणि त्याच्या पायाशी पुसटसा दुसरा, त्याचे बूट पॉलिश करणारा. माणूस पहिल्यांदा फोटोत आला तो हा, असं म्हणतात. पण 'माणूस' म्हणून बोट दाखवतात ते पाय पुढे करणाऱ्याकडे. खाली बसलेल्याचे हात चालू होते म्हणून तो नीट उमटला नाही. म्हणजे काम करणारा काम करत होता म्हणूनच धूसर! मला तर वाटतं आपल्या सौंदर्यशास्त्राचं पहिलं पुस्तक लिहायचं तर ते ह्या पॉलिशवाल्यापासून सुरू करावं.

शंभर वर्षांनी अमेरिकेत दोन माणसं एकाच शहराकडे बघत होती. न्यूयॉर्कमध्ये गगनचुंबी इमारती चढत होत्या. स्टिग्लित्झ हा नावाजलेला फोटोग्राफर, शेल्टन हॉटेलच्या उंच मजल्यावर राहायचा आणि खिडकीतून त्या चढत्या इमारती टिपायचा. उजेड, सावली, कोरे कडे. फोटो देखणे आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण ह्या इमारती जणू काही आपोआप उगवल्यात. दुसरा लुईस हाईन. हा आधी सूतगिरण्यांत राबणाऱ्या पोरांचे फोटो काढत हिंडलेला, साच्यापुढे उभी असलेली, साच्याहून बुटकी पोरं. मी स्वतः सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहतो, त्यामुळे त्या पोरांच्या हाताकडे माझं लक्ष आधी जातं. १९३० मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगचं काम त्याच्याकडे आलं तेव्हा हा पन्नाशी उलटलेला माणूस कामगारांबरोबर वर चढला, बाहेर लटकणाऱ्या पाळण्यात बसून फोटो काढले. उंची तीच, किंबहुना जास्त. पण हाईनच्या फोटोत बोल्ट आवळणारा डोळ्यासमोर आहे. त्याचे दंड दिसतात, पायाखालची पोकळी दिसते.

आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी उलट्या दिशेने काम केलं. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांबरोबर ते गटारापर्यंत, कचऱ्याच्या ढिगापर्यंत कॅमेरा घेऊन गेले. २०१६ ची पद्मश्री त्यांना मिळाली, ती असो. त्या कृष्णधवल फोटोंत माणूस आपल्याकडे बघतो आणि बघणाऱ्यालाच नजर चोरावीशी वाटते. वरच्या खिडकीतून बघताना कुणाची नजर परत येत नाही, तिथे बघणाऱ्याचं फावतं.

उंचीवरच्या फोटोचा काहीच उपयोग नाही असं मात्र मी म्हणणार नाही. मोजणीसाठी तो पक्का. ह्याच जमिनीवर विक्रीसाठी वेगळ्या इमारती उठणार आहेत, आराखड्यात साठाहून जास्त मजल्यांच्या. किती जमीन रहिवाशाला गेली, किती विक्रीला, कुठल्या इमारतीची सावली कुणाच्या अंगणात पडते, हे वरूनच कळेल. आणि आपल्या चाळिसाव्या मजल्याच्या डोक्यावर साठावा मजला आहे, तिथल्या खिडकीतून उद्या आपलंच छप्पर टिपलं जाईल. हेही कबूल करायला हवं की इथे घर सगळ्यांना ५०० चौरस फूट, सातबारा बघून नाही. आमच्याकडच्या २५०-४००-७५० पेक्षा हे शंभरपट बरं.

पण खड्ड्यात कोण आहे? सळई वाकवणारा, सेंट्रिंगवाला, डोक्यावर घमेलं घेतलेली बाई, खांबाला बांधलेल्या साडीच्या झोळीतलं पोर. मराठवाड्यातून बिगारीला गेलेली माणसं अशाच साईटवर असतात. वरून त्यांच्या फक्त हेल्मेटच्या टोप्या दिसतात. बहुतेक साईटवर पिवळी मजुराची, पांढरी इंजिनिअरची. म्हणजे वरून माणूस पुसला तरी पायरी तेवढी रंगात शिल्लक राहिली. चाळीतून टॉवरमध्ये गेलेल्या आपल्या पोराने निदान ह्या पिवळ्या टोप्यांकडे बघून 'काय मस्त व्ह्यू' असं लिहू नये.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या मित्रांना एक काम सांगतो. खिडकीतून फोटो काढा, पण त्याच चाळीचा दुसरा फोटो खालून, तिच्या जिन्यात उभं राहून काढा. दोन्हींच्या मागे चाळीचा नंबर, तारीख, १९७४ ला त्या चाळीत काय झालं, कुणाला काय आठवतं, आणि आज पाडकामावर असलेला मजूर कुठल्या गावचा, हे लिहा. म्हाताऱ्यांना विचारून लिहा, मनाचं घालू नका. आमच्या अंकात फोटो उठत नाही, स्टेन्सिलवर नुसती शाई पसरते. लिहिलेलं तेवढं पाठवा, ते छापू.