अभिरुचीचे अर्जन : ‘जेंटल जायंट’ आणि दुर्बोध संगीताचा आस्वाद

१९७१ साली इंग्लंडमधील ‘जेंटल जायंट’ या वाद्यवृंदाची दुसरी ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘ॲक्वायरिंग द टेस्ट’. रुची संपादन करणे, असा त्याचा सरळ अर्थ. समकालीन लोकप्रिय संगीताच्या सीमा विस्तारायच्या आणि त्यापायी लोकांना अप्रिय होण्याचा धोका पत्करायचा, असे उद्दिष्ट वादकांनी वेष्टनावरील निवेदनात जाहीर केले होते. कलाकृतीच्या आस्वादाची अट कलाकृतीच्या शीर्षकातच नोंदवली जावी, ही गोष्ट समीक्षेच्या दृष्टीने लक्षणीय आहे. रुची ही श्रोत्यापाशी आधीच सिद्ध असते, कलाकृतीने फक्त तिला साद घालायची, हे लोकप्रिय कलेचे गृहीतक येथे नाकारलेले आहे. रुची कमवावी लागते, हा दावा आहे. परंतु जे कमावले जाते ती रुची असते की केवळ सवय, हा प्रश्न या दाव्यापाठोपाठ उभा राहतो, आणि ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ या संगीतप्रकाराच्या समर्थकांनी तो बहुधा टाळलेला आहे.

हे धाडस करणारे शुलमन बंधू सोप्या रुचीशी अपरिचित नव्हते. ‘सायमन डुप्री अँड द बिग साऊंड’ या नावाने १९६७ साली त्यांनी ‘काइट्स’ हे गीत ब्रिटनमध्ये चांगलेच गाजवले होते. ते यश सोडून १९७० साली त्यांनी नवा वृंद उभारला. रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये रचनाशास्त्र शिकलेला केरी मिनिअर त्यांना येऊन मिळाला. व्हायोलिन, चेलो, रेकॉर्डर, व्हायब्राफोन ही वाद्ये रॉकच्या गिटार-ड्रमसमवेत आली. मध्ययुगीन आणि प्रबोधनकालीन बहुस्वरी गायनाची रीतही आली. राबलेच्या सृष्टीतील पांताग्रुएल आणि पानूर्ज यांच्यावर गीते रचली गेली. बाख्तीनच्या वाचकाला येथे ‘कार्निव्हल’ची आठवण होईल, पण तो मोह आवरलेला बरा. या संगीतात राबलेचे राक्षस आहेत, त्याचा उधळेपणा मात्र नाही. ते कमालीचे शिस्तबद्ध आहे.

प्रथमश्रवणी या रचना बहुतेकांना परतवून लावतात. ताल मध्येच बदलतो, ओळ पुरी होण्याआधी दुसरी सुरू होते, कान टेकावा असे ध्रुपद हाती लागत नाही. मर्ढेकरांची परिभाषा वापरायची तर संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांपैकी पहिल्या श्रवणात केवळ विरोध पोचतो. यावर जाणकार सांगतात, “आणखी ऐका, आवडेल.” हा सल्ला दिसतो तितका निरुपद्रवी नाही. कोणतेही उद्दीपन वारंवार अनुभवाला आले की ते हवेसे वाटू लागते, असे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली प्रयोगांनी दाखवले. निरर्थक शब्द आणि अपरिचित अक्षरचिन्हेसुद्धा पुनरावृत्तीने सुखद होत असतील, तर दहाव्या श्रवणी आवडलेल्या ध्वनिमुद्रिकेबद्दल सौंदर्यविधान करण्याचा अधिकार श्रोत्याला उरतो काय? नवकाव्यावरील दुर्बोधतेच्या वादात हाच आक्षेप वेगळ्या शब्दांत घेतला गेला होता.

या आक्षेपाला सामान्य सिद्धांताने उत्तर देता येणार नाही. विशिष्ट रचनेकडेच जावे लागेल. १९७२ सालच्या ‘ऑक्टोपस’ या ध्वनिमुद्रिकेतील ‘नॉट्स’ ही रचना त्यासाठी सोयीची आहे. तिची प्रेरणा आर. डी. लेंग या मनोचिकित्सकाच्या त्याच नावाच्या, १९७० साली निघालेल्या पुस्तकात आहे. माणसे एकमेकांच्या मनाविषयी तर्क करतात, त्या तर्काविषयी पुन्हा तर्क करतात आणि त्यातून जे फास बसतात, ते लेंगने छोट्या, वर्तुळाकार विधानांत मांडले. गीताचा आरंभ वाद्यांविना होतो. एक वाक्य एका गायकाच्या मुखातून सलग येत नाही. त्याचे तुकडे अनेक आवाजांत वाटलेले असतात आणि ते एकमेकांच्या फटींत शिरतात. प्रथम ऐकणाऱ्याला विखुरलेली अक्षरे ऐकू येतात. तो एका आवाजाचा पाठलाग करतो आणि वाक्य हातचे निसटते. मग दुसऱ्याचा पाठलाग करतो, तेही निसटते. बऱ्याच आवर्तनांनंतर त्याच्या ध्यानात येते की एकक कोणत्याही एका आवाजात नाहीच. ते आवाजांच्या मधल्या जागेत आहे. मधूनच सारी वाद्ये एकदम कोसळतात, तेव्हा तो आघात सुटकेसारखा वाटतो आणि लगेच गुंता पुन्हा सुरू होतो.

सवयीच्या उपपत्तीने या घटनेचे वर्णन होत नाही. सवयीत वस्तू तीच राहते, फक्त तिचा बोच कमी होतो. येथे पहिल्या दिवशी ऐकलेली वस्तू आणि दहाव्या दिवशी ऐकलेली वस्तू एकच नव्हे. दुसरे असे की, श्रोत्याला पडलेला पेच हाच गीतातील माणसांचा पेच आहे: दुसऱ्याचे बोलणे एकट्याचे म्हणून ऐकल्यास ते कळत नाही. दुर्बोधता ही येथे आशयावर चढवलेली झूल नाही. हेच शब्द एका आवाजात, साध्या चालीवर गायले असते तर श्रोत्याला विधान कळले असते, गाठ बसली नसती. अभिनवगुप्ताने सहृदयाचे लक्षण सांगताना काव्याच्या अनुशीलनाने, अभ्यासाने निर्मळ झालेल्या मनाच्या आरशाचा उल्लेख केला आहे, तो येथे उपयोगी पडतो. मात्र त्यातील अभ्यास म्हणजे निव्वळ पुनरावृत्ती नव्हे.

१९७५ सालच्या ‘फ्री हँड’मधील ‘ऑन रिफ्लेक्शन’ची जटिलता निराळी आणि, खरे तर, सोपी आहे. चार आवाज एकामागून एक फ्यूगच्या रीतीने प्रवेश करतात; पुढे एका संथ, कोवळ्या भागानंतर तीच रचना वाद्यांवर परतते. येथे दोन-तीन श्रवणांत मार्ग सापडतो आणि आनंद मिळतो तो प्रत्यभिज्ञेचा.

पुनःश्रवण दुहेरी असते, हे समर्थक विसरतात. ते काही रचना मोठ्या करते, तसे काही लहानही करते. ‘येस’ या वृंदाची १९७२ सालची ‘क्लोज टू द एज’ ही अठरा मिनिटांहून अधिक लांबीची, चार भागांची रचना आवर्तनांत घट्ट होत जाते. आरंभीचा कोलाहल शेवटाकडून पाहता सकारण वाटतो. त्याच वृंदाची १९७३ सालची ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ मात्र ऐकता ऐकता सैल होते. परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातील शास्त्रांविषयीच्या एका तळटीपेवरून श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र या चतुष्टयाचा आधार घेऊन चार बाजू भरण्यात आल्या. तळटीपेचा महाग्रंथ झाला. वृंदातील कीबोर्डवादक रिक वेकमन यानेच तीत भरताड असल्याची तक्रार केली आणि १९७४ साली तो बाहेर पडला. परिचयाने येथे खुणा पाठ होतात, संबंध वाढत नाहीत. कौशल्य दोन्ही ठिकाणी सारखेच आहे. म्हणून कौशल्य हा निकष होऊ शकत नाही.

बूर्दियूच्या ‘डिस्टिंक्शन’ (१९७९) नंतर आणखी एक शंका टाळता येत नाही. अवघड गोष्ट आवडते असे सांगण्यात प्रतिष्ठा आहे, आणि कष्ट केलेला श्रोता त्या कष्टांचे मोल वसूल करू पाहतो. ‘ॲक्वायरिंग द टेस्ट’च्या वेष्टनावरील निवेदनातच हा अहंकार आहे; बाजाराबद्दलची त्यातील तुच्छता आज बालिश वाटते. पुढे १९७८ सालच्या ‘जायंट फॉर अ डे’मध्ये याच वृंदाने सोप्या रुचीची मनधरणी करून पाहिली आणि १९८० साली तो विसर्जित झाला. डेरेक शुलमन नंतर ध्वनिमुद्रिका कंपनीत अधिकारी झाला आणि ‘बॉन जोव्ही’ला त्याने करारबद्ध केले. याने निवेदनातला ताठा उघडा पडतो. ‘नॉट्स’मधील आवाजांची वीण मात्र त्याने उसवत नाही.

या अभ्यासाला एक भौतिक बाजूही होती. तबकडीची एक बाजू वीसेक मिनिटांची. ‘ऑक्टोपस’ दोन्ही बाजू मिळून सुमारे ३४ मिनिटांचा. विकत घेतलेल्या मोजक्या तबकड्या पुन्हा पुन्हा ऐकण्यावाचून श्रोत्याला गत्यंतर नसे. आता न आवडलेले गीत क्षणात बदलता येते, म्हणून दहाव्या श्रवणापर्यंत पोचण्यासाठी आधी निर्णय करावा लागतो. २०१५ साली स्टीव्हन विल्सनने ‘ऑक्टोपस’चे नव्याने ध्वनिमिश्रण केले. बहुमार्गी ध्वनिरचनेत एकेक आवाज श्रोत्याभोवती वेगळ्या दिशेला ठेवता येतो. मग जी उकल श्रोत्याच्या कानाला करावी लागत होती तिच्यातील काही भाग यंत्र करून देते, आणि तुकडे सुटे मिळाल्यावर ते जोडण्याचे काम तेवढे श्रोत्याकडे राहते.