आटोपशीर शहर म्हणजे उंच शहर नव्हे

‘कॉम्पॅक्ट सिटी’ हा शब्द हल्ली नियोजनाच्या चर्चेत हमखास येतो. अर्थ साधा आहे: शहर आटोपशीर ठेवा, शेतजमीन वाचवा. आपल्याकडे मात्र त्याचा अर्थ ‘एफएसआय वाढवा, मजले चढवा’ एवढाच घेतला जातो. माझा आक्षेप इथेच आहे.

शिरूर तालुका बघा. नगर रस्त्यावर कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव... गाव कुठे संपलं आणि शहर कुठे लागलं, कळत नाही. कारखाने एमआयडीसीत, कामगार आसपासच्या गावांत भाड्याच्या खोल्यांत, आणि सांडपाणी ग्रामपंचायतीच्या गळ्यात. घोडनदीकाठचं शिरूर शहर या सगळ्याच्या पुढे राहतं.

दौंडला उलट आहे. तिथे रेल्वे जंक्शन आहे, स्टेशनभोवती वसलेलं शहर आहे. आटोपशीर शहराचा गाभा तयारच! पण सोलापूर महामार्ग जातो पाटस-कुरकुंभवरून, एमआयडीसीही कुरकुंभलाच. मग प्लॉटिंग कुठे जाणार? हायवेकडे. आणि यवत-केडगावचा पट्टा म्हणजे कालव्याखालची उसाची जमीन. एकदा तिच्यावर मुरूम पडला की तिथे पुन्हा ऊस उभा राहत नाही.

कायदा काय करतो? १९४७चा तुकडेबंदी कायदा म्हणतो, बारीक तुकडे करू नका. २००१चा गुंठेवारी कायदा म्हणतो, झालेले नियमित करून घ्या. २०२१मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२०पर्यंत वाढवली. लोक यातून एकच शिकतात: आधी विका, पुढचं पुढे बघू.

शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे हो. पण लेकीचं लग्न, दवाखाना, कर्ज आलं की चार गुंठे विकणं हाच हाताशी असलेला मार्ग. नकाशात हिरवा रंग भरून तो थांबत नाही. हडपसरला मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी सुमारे ४०० एकर एकत्र केले आणि कंपनीत भागधारक राहिले. ती नगरी सर्वांना परवडणारी नाही, मान्य. पण जमीनमालकाला वाटा, हे तत्त्व खरं. १९६६च्या कायद्यातली नगररचना योजना हेच करू शकते: जमिनी एकत्र, रस्ते-गटारं-मोकळ्या जागांची आखणी, आणि मालकाला नव्याने आखलेला भूखंड परत.

दौंड स्टेशनपासून पायी पोहोचता येईल इतक्या अंतरात, शिरूरच्या हद्दीला लागून, अशी एकेक योजना का होऊ नये? ती होत नाही तोवर उंच इमारतींना आटोपशीर शहर म्हणणं आपण थांबवूया.