छोट्या सर्व्हरची चूक नेमकी कोणाची? एका गाजलेल्या ईमेल-पेपरचं घरच्या प्रयोगशाळेतून वाचन

ईमेलच्या सुरक्षिततेवर काहीही वाचायला घेतलं, की २०१५ चा एक पेपर वाटेत येतोच. झाकिर ड्युरुमेरिक आणि सहकाऱ्यांचा हा पेपर त्या वर्षीच्या इंटरनेट मेझरमेंट कॉन्फरन्समध्ये आला. मिशिगन विद्यापीठ, इलिनॉय विद्यापीठ आणि गूगल अशा तिन्हीकडची मंडळी त्याच्या लेखकांत आहेत. नाव आहे 'नायदर स्नो नॉर रेन नॉर एमआयटीएम'. न्यूयॉर्कच्या जुन्या टपाल कचेरीवर कोरलेल्या एका प्रसिद्ध वाक्यावर ही कोटी केलीय. त्यातल्या वादळवाऱ्याच्या रांगेत लेखकांनी 'मधला माणूस' आणून बसवलाय, म्हणजे वाटेत पत्र फोडून वाचणारा.

पेपर उत्तम आहे, हे आधीच सांगतो. पण त्याचा सारांश वाचून मनावर जो ठसा उमटतो, तो मला अर्धवट वाटतो. ठसा असा: मोठ्या कंपन्या नीट वागतात आणि हजारो छोटे सर्व्हर ढिसाळ आहेत. हे अर्धवट का, ते पाहायला मोठं क्लाउड लागत नाही. गडहिंग्लजमधल्या घरात एका जुन्या लॅपटॉपवर चालणारी छोटी प्रयोगशाळा पुरते. तुम्हालाही करून बघता येईल, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पेपर काय म्हणतो

लेखकांकडे दोन प्रकारची माहिती होती. जीमेलकडे येणाऱ्या आणि जीमेलकडून जाणाऱ्या पत्रांची जानेवारी २०१४ ते एप्रिल २०१५ ची नोंद ही पहिली. अलेक्साच्या यादीतल्या दहा लाख लोकप्रिय संकेतस्थळांच्या मेल सर्व्हरची तपासणी ही दुसरी.

निष्कर्ष असे: जीमेल, याहू, आउटलुक ही बडी मंडळी पत्रं एन्क्रिप्ट करतात आणि पाठवणाऱ्याची ओळखही तपासतात. बाकीच्या सात लाखांहून जास्त सर्व्हरपैकी फक्त ३५ टक्क्यांनी एन्क्रिप्शन यशस्वीपणे लावलंय, आणि डीमार्क धोरण जाहीर करणारे अवघे १.१ टक्के. सगळ्यात धक्कादायक भाग म्हणजे सात देशांतून जीमेलकडे येणाऱ्या २० टक्क्यांहून अधिक पत्रांचं एन्क्रिप्शन वाटेत कोणीतरी मुद्दाम मोडत होतं. ट्युनिशियात हे प्रमाण ९६ टक्के. आपला शेजारी नेपाळही त्या सात देशांत होता.

आधी पत्र जातं कसं ते बघू

मेल सर्व्हर एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिला एसएमटीपी म्हणतात. जॉन पोस्टेलनी १९८२ मध्ये तिचे नियम लिहिले. तेव्हा जाळ्यावर होती ती बहुतेक संशोधक मंडळी, एकमेकांवर भरवसा असणारी. आपल्याकडेही ईमेलची सुरुवात अशाच वातावरणात झाली. ऐंशीच्या दशकात अर्नेट प्रकल्पात मुंबईचं एनसीएसटी आणि आयआयटी मुंबई यांच्यात फोनच्या तारेवरून मेलची देवाणघेवाण सुरू झाली. दोन्हीकडची माणसं एकमेकांना ओळखत असताना 'तू खरंच तूच का?' हा प्रश्न कोण कशाला विचारेल?

तो भरवसा एसएमटीपीमध्ये अजून शिल्लक आहे. संभाषण साधं असतं. मी अमुक, पत्र अमक्याकडून, पत्र तमक्याला, हा घ्या मजकूर. शेवटी एका ओळीत फक्त एक पूर्णविराम. समोरचा प्रत्येक वेळी तीन आकडी उत्तर देतो. २५० म्हणजे ठीक आहे, ३५४ म्हणजे सांगा मजकूर. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव वेगळं आणि आतल्या कागदावर वेगळं असलं तरी मूळ नियमांना त्याचं काही वाटत नाही. एसपीएफ, डीकिम, डीमार्क ही सगळी ठिगळं नंतरची.

एन्क्रिप्शनही नंतरच आलं. संभाषणाच्या सुरुवातीला समोरचा सर्व्हर आपल्याला काय काय येतं त्याची यादी देतो. त्यात 'स्टार्टटीएलएस' हा शब्द असेल तर पुढचं बोलणं कुलूपबंद करता येतं, नसेल तर उघड्यावर चालू राहतं. आणि ही यादी स्वतःच उघड्यावर जाते. सगळी गोम इथेच आहे.

घरची प्रयोगशाळा

आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर डेबियनची चार आभासी यंत्रं केलीत. दोन मेल सर्व्हर, त्यांवर पत्र नेण्या-आणण्यासाठी पोस्टफिक्स आणि पेटी उघडून वाचण्यासाठी डव्हकॉट. एक डीएनएस, म्हणजे पत्त्यांची वही. चौथं यंत्र या सगळ्यांच्या मधला राउटर. डोमेनची नावं 'गडहिंग्लज डॉट टेस्ट' आणि 'संकेश्वर डॉट टेस्ट'. 'डॉट टेस्ट' हा शेवट प्रयोगांसाठीच राखून ठेवलेला आहे, खऱ्या इंटरनेटवर तो कोणालाच मिळत नाही. मधल्या राउटरचं नाव 'हिरण्यकेशी', कारण दोन्ही गावांना जोडणारी नदी तीच.

हे सगळं बंद खोलीत चालतं, बाहेर एकही पत्र जात नाही. तसं ते जाऊही शकत नाही. घरच्या ब्रॉडबँडवर सहसा पोर्ट २५ बंद असतं आणि आयपी पत्ता बदलता किंवा अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. वर स्पॅमहाउसची एक यादी अशा घरगुती पत्त्यांसाठीच आहे, आणि ती पाहून बरेच सर्व्हर घरून आलेलं पत्र दारातच परत पाठवतात. त्यामुळे घरच्यांचा खरा मेल या लॅपटॉपवर आणायच्या भानगडीत पडू नका. ही शिकायची जागा आहे.

इंटरनेटवरचे बरेचसे मार्गदर्शक नेमके इथेच कमी पडतात. हे पॅकेज टाका, ही ओळ बदला, तपासणीच्या साइटवर दहापैकी दहा मिळवा, झालं! गुण मिळतात, पण काय कशामुळे चालतं ते कळत नाही. त्यापेक्षा पहिला धडा हाताने करा. टेलनेटने पोर्ट २५ ला जोडा आणि पूर्ण पत्र स्वतः टाइप करून पाठवा, पाठवणारा म्हणून हवं ते नाव घाला. पत्र संकेश्वरच्या पेटीत जाऊन पडेल. ईमेलमधलं नाव म्हणजे ओळखपत्र नव्हे, हे कुठल्याही व्याख्यानापेक्षा यातून लवकर डोक्यात शिरतं.

दुसरा धडा लाइट गेल्यावर आपोआप होतो. नाहीतर संकेश्वरचं यंत्र मुद्दाम बंद करा. गडहिंग्लजचा सर्व्हर पत्र फेकून देत नाही, रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्सची मूळ मुदत पाच दिवसांची. २५० म्हणण्याआधी त्याने पत्र डिस्कवर लिहून ठेवलेलं असतं. पत्र पोचलंच पाहिजे, हा या यंत्रणेचा मूळ स्वभाव. पुढचं सगळं या स्वभावातून निघतं.

मधला माणूस

आता हिरण्यकेशीवर एक छोटा पायथन प्रोग्रॅम बसवायचा. काम एकच. संकेश्वरने दिलेल्या यादीत 'स्टार्टटीएलएस' दिसलं, की त्या आठ रोमन अक्षरांच्या जागी आठ 'एक्स' घालायचे. आठाला आठ, त्यामुळे मजकुराची लांबी तीच राहते आणि बाकी जोडणी बिघडत नाही. पेपरच्या लेखकांना खऱ्या जाळ्यावर नेमके असेच 'एक्स' सापडले होते. काही कंपन्यांची सुरक्षा उपकरणंसुद्धा मेल तपासता यावा म्हणून हेच करतात. त्यामुळे मोडणारा प्रत्येक जण चोरच असेल असं नाही, आणि पेपर ही शक्यता प्रामाणिकपणे नोंदवतो.

होतं काय? काहीच होत नाही, आणि तेच भयंकर आहे. गडहिंग्लजला वाटतं संकेश्वरला कुलूप लावता येत नाही, म्हणून तो पत्र उघडंच पाठवतो. पाठवणाऱ्याला कळत नाही, घेणाऱ्यालाही कळत नाही. हिरण्यकेशीवर टीसीपीडंप लावलं की अख्खं पत्र वाचता येतं. समजा, आपल्या बाजारातल्या एखाद्या मिरची व्यापाऱ्याने संकेश्वरच्या गिऱ्हाइकाला बिल पाठवलं. मधल्याला त्यातला खाते क्रमांक वाचता येईल, आणि मनात आलं तर बदलताही येईल.

मग सक्ती करू, असं वाटतं. पोस्टफिक्समध्ये 'मे' च्या जागी 'एन्क्रिप्ट' लिहायचं. आता पत्र उघड्यावर जात नाही, पण ते जातच नाही! रांगेत पडून राहतं आणि पाच दिवसांनी परत येतं. व्यापाऱ्याच्या दृष्टीने तुमचा सर्व्हर बिघडला. म्हणून जगभरचे सर्व्हर 'जमलं तर कुलूप, नाहीतर उघडं' या तत्त्वावर चालत आले. पेपरही हे धोरण धोक्याचं म्हणतो. माझी तक्रार पुढच्या मुद्द्यावर आहे.

३५ टक्क्यांची भानगड

सारांशात 'फक्त ३५ टक्क्यांनी एन्क्रिप्शन यशस्वीपणे लावलं' असं आहे. आत वाचलं तर दिसतं की टीएलएस देऊ शकणारे सर्व्हर ८२ टक्के होते. मग ३५ कुठून आले? ज्यांचं प्रमाणपत्र सर्व्हरची ओळख पटवण्याइतकं नीट होतं, ते ३५. म्हणजे दहातल्या आठांच्या दाराला कुलूप होतं, पण दारावरची नावाची पाटी बरोबर असणारे निम्म्याहून कमी. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सारांशात त्या एक झाल्यात.

आता प्रयोगशाळेत या. संकेश्वरवर मुद्दाम चुकीचं प्रमाणपत्र लावा, स्वतःच सही केलेलं, भलत्याच नावाचं. 'मे' वर असलेला गडहिंग्लजचा सर्व्हर निमूटपणे ते घेतो आणि पत्र कुलूपबंद पाठवतो. तो पाटी वाचतच नाही. वाचून करणार काय? पाटी चुकली म्हणून पत्र थांबवायचं, तर हा उघड्यावर पाठवायला तयार असलेला सर्व्हर! चुकीच्या पाटीचं कुलूपसुद्धा उघड्या पत्रापेक्षा बरंच.

त्या काळात सर्रास असंच चालायचं. पाठवणारे सर्व्हर प्रमाणपत्र बघत नव्हते, त्यामुळे घेणाऱ्याला ते नीट ठेवायचं कारण नव्हतं. ज्या परीक्षेचा पेपर कोणी तपासतच नाही, त्यात ६५ टक्के नापास झाले म्हणून विद्यार्थ्यांना ढिसाळ म्हणायचं का? सार्वजनिक मान्यतेचं फुकट प्रमाणपत्र सहज देणारी लेट्स एन्क्रिप्टची सेवा सर्वांसाठी खुली झाली डिसेंबर २०१५ मध्ये, हा पेपर आल्यानंतर.

लेखकांना याची जाणीव नव्हती असं नाही. पोस्टफिक्स, एक्झिम, सेंडमेल वगैरे सॉफ्टवेअर मुळात कुठल्या सेटिंगसह येतात ते त्यांनी तपासलंय, आणि मला तो पेपरचा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. पोस्टफिक्स तेव्हा बाहेर जाणाऱ्या पत्रासाठी टीएलएस मुळातच बंद ठेवायचा. म्हणजे दोष बराचसा सॉफ्टवेअर आणि नियम लिहिणाऱ्यांच्या बाजूचा. पण लोक सारांशच उद्धृत करतात, आणि सारांशात दोषी दिसतो तो छोटा सर्व्हर.

खिडकी कोणाची?

दुसरा आक्षेप पाहण्याच्या जागेबद्दल. प्रत्यक्ष पत्रांची वाहतूक दिसली ती जीमेलच्या खिडकीतून. एका कॉलेजचा सर्व्हर दुसऱ्या कॉलेजच्या सर्व्हरला पत्र पाठवतो तेव्हा त्या खिडकीतून काही दिसत नाही. अलेक्साची यादी संकेतस्थळांच्या लोकप्रियतेची, मेलच्या वापराची नव्हे. शिवाय जीमेलच्या नोंदी बाहेरच्या संशोधकाला मिळणार नाहीत, त्यामुळे हे आकडे पुन्हा काढून पडताळणं तुमच्या-माझ्या हातात नाही.

पण आकड्यामागची यंत्रणा पुन्हा घडवता येते, आणि ती घरात, एका लॅपटॉपवर. घरच्या प्रयोगशाळेची किंमत मला यात दिसते. आकडा खरा की खोटा हे ती सांगत नाही. तो आकडा कशाचा आहे, हे मात्र सांगते.

पुढे काय झालं

फेब्रुवारी २०१६ मध्ये जीमेलने कुलूप नसलेल्या पत्रांवर उघड्या कुलपाचं लाल चिन्ह दाखवायला सुरुवात केली. २०१८ मध्ये एमटीए-एसटीएस हा नियम प्रसिद्ध झाला. त्यात घेणारं डोमेन आधीच जाहीर करतं, की मला कुलूपबंद आणि योग्य पाटीच्याच जोडणीवर पत्र द्या. घरी तोही लावून बघा, मात्र पाठवणाऱ्या पोस्टफिक्सला त्यासाठी वेगळा जोड-प्रोग्रॅम लागतो. धोरण एकदा वाचून साठवलेलं असलं, की हिरण्यकेशीवरचे आठ 'एक्स' निकामी होतात. पत्र रांगेत थांबतं आणि नोंदवहीत कारण लिहिलेलं दिसतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर पत्रं पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम, डीमार्क सक्तीचं केलं. म्हणजे पेपर तपासणारं कोणीतरी आलं, आणि विद्यार्थी अभ्यासाला लागले.

तपासणारे कोण, हेही लक्षात ठेवा. एसएमटीपीचे नियम सर्वांचे आहेत, पण पत्र आत घ्यायचं की नाही हे आज मुख्यतः दोन-चार मोठ्या दारांवर ठरतं. त्यांच्या अटी बहुतेक चांगल्या आहेत. तरीही त्या अटी कशासाठी आहेत हे समजणारी माणसं फक्त त्या दारांच्या आतच राहिली, तर बाहेरच्या पतसंस्था, कॉलेजं, कारखाने यांना 'तुमचा सर्व्हर ढिसाळ आहे' हे मुकाट्याने ऐकून घ्यावं लागेल, आणि एवढा पसारा सांभाळण्यापेक्षा सगळा मेल त्याच दोन-चार दारांत नेऊन ठेवावासा वाटेल.

म्हणून पेपर जरूर वाचा, पण सारांशावर थांबू नका. सॉफ्टवेअरच्या मूळ सेटिंगचा भाग आणि प्रमाणपत्रांचा भाग शेजारी शेजारी ठेवून वाचा. मग चार यंत्रं उभी करा आणि मधल्या यंत्रावरून स्वतःचंच पत्र फोडून बघा. पुढच्या वेळी कोणी '३५ टक्के' म्हणालं, तर ते कुलपाबद्दल बोलतायत की पाटीबद्दल, एवढं नक्की विचारा.